किरकोळ कागदांची कैफियत

शब्दांच्या गुन्ह्यांना कायद्याच्या पुस्तकांत कलम नसतें. म्हणून ते गुन्हे घडत नाहींत असें मात्र नाहीं. आमच्या दप्तरखान्यांत असा एक शब्द कित्येक पिढ्या बिनबोभाट वावरत आहे, आणि वाळवी, पूर व आग यांच्या जोडीला चौथा शत्रु म्हणून त्याचें नांव घ्यावें, असें आम्हांस वाटतें. तो शब्द म्हणजे 'किरकोळ'. कोणत्याहि जुन्या संग्रहाची यादी उघडून पाहावी. आरंभीं राजकीय कागद, मग मुलकी, मग लष्करी, मग इनामें, वतनें, तंटे, हिशेब. आणि हें सर्व संपल्यावर, मोठ्यांची पंगत उठल्यानंतर उरल्यासुरल्यांचीं पानें मांडावीं तशी, शेवटच्या पानावर एक ओळ येते: 'किरकोळ' किंवा 'स्फुट'. आणि संस्कृताचा साज चढवावयाची हौस असल्यास 'संकीर्ण'. या ओळींत काय असतें ? कोणा आईनें दूरदेशीं गेलेल्या मुलास लिहिलेलीं चार पत्रें, सासरच्या छळाची हकीकत माहेरीं कळविणारें एखादें पत्र, नोकरीच्या गांवाहून आलेली खुशाली, कोणाच्या दुखण्याची बातमी, कोणाच्या कर्जाची लाज. एका घरचे पंधरा कागद, दुसऱ्या घरचे सात. ज्यांच्या हातीं राज्य नव्हतें, सैन्य नव्हतें, खजिना नव्हता, त्या माणसांचा जो कांहीं लेखी अवशेष उरला आहे तो बहुतेक सगळा या एका ओळींत कोंबलेला असतो.

कोणी म्हणेल, नांवांत काय आहे ? आम्ही म्हणतों, दप्तरखान्यांत नांवांतच सर्व कांहीं आहे. तेथें नांव पडलें कीं दैव ठरलें. किरकोळ म्हटलेला कागद यादींत शेवटीं येतो. शेवटीं येतो म्हणून त्याची तपशीलवार सूची होत नाहीं. सूची होत नाहीं म्हणून तो कोणी मागत नाहीं. कोणी मागत नाहीं म्हणून तो निरुपयोगी ठरतो. आणि ज्या दिवशीं छप्पर गळूं लागतें किंवा नव्या कपाटाला जागा लागते, त्या दिवशीं पहिला बळी त्याचा पडतो. एवढें झाल्यावर आमचे विद्वान् इतिहासकार प्रस्तावनेंत गंभीरपणें लिहितात कीं, सामान्य जनांच्या व विशेषतः स्त्रियांच्या स्थितीविषयीं साधनें उपलब्ध नाहींत ! साधनें होतीं. त्यांस कोणी पाट मांडला नाहीं, इतकेंच.

हा वाद पोकळ शब्दांचा नाहीं हें दाखविण्यास फार लांब जावयास नको. सावित्रीबाई फुले यांनीं जोतीरावांस लिहिलेलीं अवघीं तीन पत्रें आज आपल्यापुढें आहेत: १८५६ चें व १८६८ चें नायगांवाहून, आणि १८७७ चें ओतुराहून. दप्तरखान्याच्या परिभाषेनें पाहिलें तर पत्नीनें पतीस लिहिलेलीं तीन खाजगी पत्रें. पण त्यांत काय आहे तें पाहा. पहिल्यांत, आजारी पडून माहेरीं राहिलेली एक स्त्री, आपण नवराबायकोंनीं चालविलेल्या कामाबद्दल भावानें दिलेला दोष आणि त्याला आपण दिलेलें उत्तर घरच्या भाषेंत सांगते. दुसऱ्यांत, एक ब्राह्मण तरुण व अस्पृश्य मानलेल्या जातींतील एक मुलगी यांच्या जिवावर गांव उठला असतां आपण मध्यें पडून त्यांस कसें वांचविलें, तें ती कळविते. तिसऱ्यांत १८७७ च्या दुष्काळाचें वर्णन आहे. सावकारांचा जुलूम, सत्यशोधक मंडळींचें मदतकार्य, त्यांच्यावर आलेलें बालंट, आणि कलेक्टराशीं स्वतः केलेलें बोलणें आहे. शाळा काढणारी सावित्रीबाई इतर कागदांवरूनहि कळते. परंतु भावाशीं वाद घालणारी, खवळलेल्या जमावासमोर उभी राहणारी, अधिकाऱ्यास जाब विचारणारी सावित्रीबाई तिच्याच शब्दांत कळते ती या तीन कागदांमुळें. हे तीन कागद कोणा शहाण्यानें 'घरगुती' म्हणून बाजूस टाकले असते, तर तिच्या आयुष्याचा हा भाग आपण तिच्याच तोंडून कधींहि ऐकला नसता. आणि आपलें कांहीं हरवलें आहे हेंहि आपणांस समजलें नसतें. हरवलेल्या पत्राचा खरा अनर्थ हाच होय. जळलेला वाडा निदान जोतें तरी मागें ठेवतो. जळलेलें पत्र कांहींच मागें ठेवीत नाहीं.

दुसरें उदाहरण आनंदीबाई जोशी यांचें. कल्याणास १८६५ सालीं जन्मलेली ही मुलगी वयाच्या नवव्या वर्षीं गोपाळराव जोशी यांच्या घरीं आली. गोपाळराव पोस्टखात्यांत नोकर होते, ही गोष्ट योगायोगाची असली तरी अर्थपूर्ण आहे. कारण या बाईंच्या चरित्रांतील प्रत्येक वळण टपालानें आलेलें आहे. गोपाळरावांनीं वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. तें तिकडच्या मासिकांत छापलें गेलें. आणि १८८० च्या सुमारास न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या नजरेस तें एका दंतवैद्याच्या दवाखान्यांत बसल्या असतां पडलें. पुढें त्या बाईंचा व आनंदीबाईंचा पत्रव्यवहार सुरू झाला, त्या पत्रांतून मावशी-भाचीचें नातें जुळलें, आणि १८८३ सालीं अठरा वर्षांची एक मराठी ब्राह्मण स्त्री एकटी समुद्र ओलांडून गेली. त्याच वर्षीं जून महिन्यांत तिनें फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयास प्रवेशासाठीं एक पत्र लिहिलें. आपल्या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांच्यासाठीं मला हें शिकावयाचें आहे, असा त्याचा आशय आहे. १८८६ च्या ११ मार्चला तिला पदवी मिळाली. १८८७ च्या २६ फेब्रुवारीस पुण्यांत तिचा अंत झाला.

त्या महाविद्यालयाचें पुढें नांव बदललें, तें दुसऱ्या संस्थेंत विलीन झालें, शेवटीं ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग झालें. इतक्या स्थित्यंतरांतून तें एकुलतें पत्र टिकलें, आणि आज तेथील दप्तरखान्यांत आहे. कोणाहि वाचकास तें पाहतां येतें. ज्या विद्यार्थिनीला रोगी तपासण्याची संधि सुद्धां आयुष्यानें धड दिली नाहीं, तिचें पत्र शंभराहून अधिक वर्षें जपावें असें त्या परक्या लोकांना वाटलें. आमच्याकडे काशीबाई कानिटकरांनीं १८८९ सालींच तिचें चरित्र लिहिलें, तें मुख्यतः पत्रांच्या आधारानें. काशीबाईंची ही दृष्टि त्यांच्या काळाच्या पुढें होती. आमची तक्रार अशी आहे कीं ती दृष्टि अपवाद म्हणून राहिली, वहिवाट झाली नाहीं.

आणि याच पत्रांपैकीं एक पत्र आमच्या सोवळ्या संपादकांनीं नीट वाचावें अशी आमची शिफारस आहे. अमेरिकेहून नवऱ्यास लिहितांना आनंदीबाईंनीं आपल्या बाळपणींच्या दिवसांचा हिशेब मांडला आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीस लांकडाच्या तुकड्यांनीं मारणें, अंगावर खुर्च्या-पुस्तकें फेंकणें, सोडून जाण्याची धमकी देणें, या गोष्टी त्यांत आहेत. आणि नवऱ्याचें हें वागणें बरें होतें कीं वाईट याचा निर्णय करणें कठीण, असें त्या मोठ्या संयमानें लिहितात. कुलीन घराण्याची अब्रू, पतिव्रतेचा आदर्श वगैरे सबबींखालीं हें पत्र गाळलें असतें, तर आपल्या हातीं काय राहिलें असतें ? एक उदार पति आणि एक आज्ञाधारक पत्नी, म्हणजे भिंतीवर टांगण्याजोगी एक तसबीर. पत्र राहिलें म्हणून माणसें राहिलीं.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक घेऊं. पहिला आक्षेप असा कीं, घरगुती पत्रांत असतें काय ? अर्धें पत्र मायन्यांत जातें, उरलेल्या अर्ध्यांत आशीर्वाद, क्षेमकुशल, आणि लोणच्याच्या बरण्या. हा सारा पाल्हाळ छाटून मुद्द्याचा मजकूर तेवढा ठेवावा, असें मानणारे संपादक आजहि आढळतात. या मंडळींस आम्ही त्यांनीं छाटलेल्या मायन्याकडेच परत बोलावतों. एकाच घरांतील एका बाईस गेलेलीं पत्रें क्रमानें लावून पाहा. एका पत्राच्या माथ्यावर तिच्या नांवामागें 'सौभाग्यवती' असतें. पुढच्या पत्राच्या माथ्यावर 'गंगाभागीरथी' असतें. मध्यंतरीं काय झालें तें मजकुरांत एका अक्षरानेंहि नसेल, कारण घरच्या माणसांना तें सांगावयास नको होतें. एका स्त्रीचा सारा संसार या दोन शब्दांच्या मधल्या जागेंत बुडालेला असतो, आणि संपादकमहाशय ती जागाच कात्रीनें कापून टाकतात ! कोणास 'तीर्थरूप' म्हटलें, कोणास 'राजश्री', कोणास 'चिरंजीव', आणि कोणास कांहींच न म्हणतां नुसत्या नांवानें पुकारलें, यावरून त्या काळच्या समाजाची उतरंड जितकी स्पष्ट दिसते तितकी एखाद्या प्रबंधावरून दिसणार नाहीं.

शिवाय, ज्यांना राजकारणापलीकडे कशाचीच गोडी नाहीं, त्यांनीं सुद्धां या क्षुल्लक तपशिलाचे पाय धरावेत अशी स्थिति आहे. पेशवाईंतील पुष्कळ पत्रांवर चंद्र व महिना दिलेला असतो, साल दिलेलें नसतें. साल ठरवावयाचें कसें ? तर पत्रांतील आंतल्या खुणांवरून. कोणाची मुंज झाली, कोण बाळंत झाली, कोण वारलें, ग्रहण कधीं पडलें, यांचा मेळ दुसऱ्या पत्रांशीं घालून मग तें पत्र कोणत्या वर्षाचें हें निश्चित करावें लागतें. म्हणजे लढाईची तारीख कित्येकदां बाळंतिणीच्या खोलींतून निघते. ज्या बारशाला आपण किरकोळ म्हटलें तें नसतें, तर ज्या मोहिमेला आपण थोर म्हणतों ती आज अधांतरीं लोंबत राहिली असती.

दुसरा आक्षेप थोरामोठ्यांच्या नांवानें घेतला जातो. राजवाड्यांनीं असें केलें, सरदेसायांनीं असें केलें, त्यांना जें छापण्याजोगें वाटलें नाहीं तें आम्ही कां जपावें ? या थोर पुरुषांविषयींचा आमचा आदर कोणाहून कमी नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढें २२ खंडांपर्यंत तें काम गेलें. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह उभा केला. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. सरदेसायांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासास कागदांनीं उत्तर द्यावयाचें, पराभूत झालेल्या राष्ट्राला त्याचें राज्य कसें चाललें होतें तें दाखवावयाचें, हा त्या काळचा हेतु होता. त्या हेतूला अनुसरून त्यांनीं निवड केली, आणि ती त्यांच्या काळास शोभली. सरदेसायांच्या खंडांपैकीं कांहीं तर पेशव्यांच्या खाजगी जीवनालाच दिलेले आहेत. पण यांतच आमचा मुद्दा आहे. पेशव्यांच्या घरचें खाजगी तें इतिहास, आणि कारकुनाच्या, शिलेदाराच्या, विधवेच्या घरचें खाजगी तें किरकोळ, हा भेद आपण किती दिवस चालविणार ? पेशवाई जाऊन दोनशें वर्षें होऊन गेलीं. दप्तरांतली पेशवाई मात्र अजून गादीवर आहे. पूर्वसूरींनीं निवडलेल्या कागदांस वंदन करावें. त्यांनीं न निवडलेल्या कागदांवर त्यांच्याच नांवानें बोळा फिरवूं नये.

निवडीचा व दुरुस्तीचा मोह केवढा महाग पडतो, याचा एक धडा आपणांस मिळालेला आहे. तो पत्रांचा नाहीं, पण त्याच जातीच्या खाजगी लेखनाचा आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनीं १८५७ च्या धामधुमींतील आपल्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली. चिंतामणराव वैद्यांनीं ती १९०७ सालीं छापली, तेव्हां तिच्यांत फेरफार करून छापली. गोडसे भटजींचा मूळ मजकूर, त्यांच्या मूळच्या बोलींत, दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ मध्यें प्रसिद्ध केला. मध्यें ५९ वर्षें गेलीं. इतका काळ महाराष्ट्र भटजींचें म्हणून जें वाचीत होता, तें निखालस भटजींचें नव्हतें. सुदैव असें कीं मूळ हस्तलिखित जपलेलें होतें. ज्या पत्रांचें मूळ जपलें गेलें नाहीं त्यांच्या नशिबीं पोतदार येऊन उपयोग काय ?

मूळ हरवलें म्हणजे काय हरवतें, हें समजण्यासाठीं पहिल्या महायुद्धाकडे पाहावें. १९१४ पासून फ्रान्सांत लढणाऱ्या हिंदी शिपायांचीं पत्रें इंग्रजांची एक टपाल-तपासणी कचेरी उघडून वाचीत असे. त्यांतील उतारे इंग्रजींत भाषांतरून वरिष्ठांकडे अहवाल जात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत, आणि त्या शिपायांच्या मनाचा ठाव घेण्यास इतिहासकारांपुढें तेंच मोठें साधन आहे. आतां ही विटंबना पाहा. शिपायी आपल्या भाषेंत आपल्या माणसांशीं बोलला. तें बोलणें आपण ऐकतों तें परक्या अंमलदाराच्या भाषेंत, त्यानें निवडलें तेवढेंच, आणि त्याला जें काळजीचें वाटलें तेवढेंच. मूळ पत्रें पुढें आपापल्या गांवीं गेलीं, आणि बहुतेक तेथेंच संपलीं. सरकारनें संशयानें जें जपलें तें उरलें. घरानें मायेनें जपावयाचें होतें तें गेलें.

उलट बाजूस केंब्रिज विद्यापीठांतील दक्षिण आशिया अभ्यास केंद्राचें उदाहरण घ्या. हिंदुस्थानांत नोकरी-धंदा केलेल्या इंग्रज कुटुंबांचीं पत्रें, रोजनिशा, आठवणी तेथें पेट्या-पेट्यांनीं गोळा केलेल्या आहेत. कित्येक संग्रह अगदीं लहान, एका घरचे चार कागद. पण प्रत्येकाला देणाऱ्याचें नांव आहे, वर्णन आहे, आणि १९७३ सालीं त्या सर्वांची छापील यादीहि निघाली. एखाद्या जिल्हाधिकाऱ्याच्या बायकोनें डोंगरावरच्या बंगल्यांतून विलायतेस आईला लिहिलेलें पत्र, त्यांतील आयेच्या व खानसाम्याच्या तक्रारींसह, तेथें सुरक्षित आहे. तें असावेंच, आमची तक्रार त्याविरुद्ध नाहीं. परंतु तो खानसामा आपल्या घरीं काय लिहून पाठवीत होता ? मडमेच्या पत्राला पेटी आणि खानसाम्याच्या पत्राला चूल, अशी वांटणी झाली, तर इंग्रजी अमलाचा इतिहास कोणाच्या डोळ्यांनीं लिहिला जाणार हें सांगावयास ज्योतिषी नको.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आहे, म्हणून त्याचा विचारहि सभ्यपणें केला पाहिजे. पत्र हें दोन माणसांमधलें विश्वासाचें बोलणें. तिसऱ्यानें तें वाचणें हा चोरटेपणा नव्हे काय? मेलेल्या माणसास आपली बाजू मांडतां येत नाहीं. त्याच्या दुबळ्या क्षणांचें प्रदर्शन कां मांडावें? या भावनेंत खरें पुष्कळ आहे. पण तींतून जो निष्कर्ष काढला जातो तो भलता आहे. पत्र जपणें आणि पत्र चव्हाट्यावर मांडणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. देणाऱ्यानें गठ्ठ्यावर लिहावें कीं अमुक साल उजाडेपर्यंत हा उघडूं नये. पंचवीस वर्षें म्हणावें, पन्नास म्हणावें. घेणाऱ्या संस्थेनें ती अट शब्दशः पाळावी. नातवाला ज्याची लाज वाटते त्याचें पणतूला बहुधा नवल वाटतें, आणि खापरपणतूला तें समजून घ्यावेंसें वाटतें. लाजेवर उपाय मोहोर आहे, आगकाडी नाहीं. आणि विश्वासाचीच गोष्ट काढावयाची तर आम्ही विचारतों: जिनें आपलें दुःख कोणाला तरी कळावें म्हणून पणतीच्या उजेडांत कागदावर उतरविलें, तिचा विश्वास तें जपून राखण्यांत आहे, कीं तें चुलींत घालण्यांत ?

चौथा आक्षेप पैशाचा व जागेचा; आणि त्याच्याच पाठीस लागून हल्लीं निघालेलें नवें समाधान असें कीं, सर्व कागदांचे फोटो काढून संगणकावर ठेवले म्हणजे झालें. फोटो अवश्य काढावेत. पण ज्या चित्रावर लिहिणाऱ्याचें नांव नाहीं, ज्याला लिहिलें त्याचें नांव नाहीं, गांव नाहीं, तिथि नाहीं, तें चित्र शोधावयाचें कसें ? अशा हजारों चित्रांचा ढीग म्हणजे जुन्याच कोठडीचें कुलूप तेवढें बदललें. किल्ली पूर्वीसारखीच हरवलेली. त्यांतून यांतले बहुतेक जुने कागद मोडींत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली, आणि आज आजोबांचें पत्र हातीं आलेल्या नातवाला तें आपल्याच भाषेंत असून वाचतां येत नाहीं. मोडी शिकविणारे वर्ग चालतात, होतकरू मंडळी तेथें जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु शिकलेल्या मोडीवाचकाला खासगीवाल्यांचा जमाखर्च लावावयास बसवितात, आणि त्याच्या शेजारीं पडलेलें एका सुनेचें पत्र पुन्हा बासनांत बांधतात. पैसा थोडा असेल तर सूची आधीं करावी, फोटो मागाहून काढावेत. सूचीला लागतें एक माणूस, एक वही आणि चिकाटी.

सरकारच्या तोंडाकडे पाहून बसण्यांतहि अर्थ नाहीं. १९९३ चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा सरकारी कागदांसाठीं आहे. घरांतील पत्रांवर त्याचें छत्र नाहीं, आणि एका अर्थीं तें असूंहि नये. घरच्या पेटींत शिपायानें हात घालावा असें कोणास वाटेल? पण याचाच अर्थ असा कीं, या पत्रांचें मरण-जगणें सर्वस्वीं घरच्या माणसांच्या हातीं आहे. आणि आमच्या घरांची रीत कशी आहे ? अशुभ वर्तमानाचें पत्र घरांत ठेवूं नये म्हणून तें वाचतांच फाडण्याची चाल. म्हणजे पटकीच्या, प्लेगच्या, इन्फ्लुएंझाच्या सालांतील जीं पत्रें सर्वांत बोलकीं तींच सर्वांत आधीं नष्ट झालेलीं. म्हातारें माणूस गेलें कीं त्याची ट्रंक माळ्यावरून उतरावयाची, दागिना व दस्तऐवज तेवढा काढून घ्यावयाचा, आणि बाकीच्या कागदांस पवित्र मानून नदींत सोडावयाचें किंवा अपवित्र मानून रद्दींत घालावयाचें. दोहोंचें फळ एकच.

ही निकड आज पूर्वीहून अधिक आहे. एका पैशाचें पोस्टकार्ड १८७९ सालीं हिंदुस्थानांत आलें, आणि त्यानंतर शंभरावर वर्षें गरिबांतल्या गरिबालाहि पत्र लिहिणें वा लिहवून घेणें परवडलें. मुंबईच्या गिरण्यांतून राबणारा रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा माणूस घरीं मनिऑर्डर पाठवी, तेव्हां तिच्या कुपनावर दोन ओळींपुरती जागा असे. तीत तो पावसाची, भाताची व पोरांची चौकशी करी. स्वतःस लिहितां येत नसेल तर खोलींतल्या दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेई. गांवीं बायकोस वाचतां येत नसेल तर पोस्टमन वाचून दाखवी. गिरणगांवावर पुस्तकें निघालीं, १९८२ च्या संपावर निघालीं. पण तीं दोन ओळींचीं कुपनें कोणी गोळा केलीं? आतां पत्र लिहिण्याची रीतच संपली आहे. नवीं पत्रें येणार नाहींत. जीं आहेत तीं शेवटचीं. शेवटच्या ठेव्याला किरकोळ म्हणणें हा शहाणपणा कोणत्या देशांत खपत असेल तो असो, आमच्या देशांत तो फार स्वस्त झाला आहे.

म्हणून आमचें मागणें थोडक्यांत मांडतों. संग्रह लहान असो वा मोठा, त्याची नोंद त्याच्या घराच्या किंवा माणसाच्या नांवानें व्हावी. 'किरकोळ' हा रकाना याद्यांतून कायमचा काढून टाकावा. प्रत्येक पत्राखालीं निदान चार गोष्टी लिहाव्या: कोणी लिहिलें, कोणास, कोठून, केव्हां. मायना, आशीर्वाद, चुकलेलें शुद्धलेखन, लखोटा व त्यावरचा टपालाचा शिक्का यांपैकीं कांहींहि छाटूं नये. पत्र आणि त्याचें उत्तर दोन निरनिराळ्या घरीं असतें. तेव्हां दोन्ही घरांचा शोध घ्यावा, नाहींतर एकाच बाजूचें बोलणें ऐकून निवाडा केल्यासारखें होईल. अटी घालून देणाऱ्यास मान द्यावा. आणि संस्थांच्या चालकांनीं, थोर पुरुषाचा जोडा मिळाल्यास कांचेच्या पेटींत ठेवण्याची जी तत्परता दाखवावी तिचा चौथा हिस्सा तरी अप्रसिद्ध बाईच्या पत्राच्या वांट्यास येऊं द्यावा.

राहतां राहिले आमचे वाचक. त्यांच्यापैकीं ज्यांच्या माळ्यावर पत्र्याची एखादी ट्रंक आहे, आणि येत्या दिवाळीच्या झाडलोटींत ती उतरणार आहे, त्यांना आमची एवढीच विनंति आहे कीं, रद्दीवाल्याचा तराजू दारांत येण्यापूर्वीं तिच्यांतलें एक पत्र, कोणतेंहि एक, बसून वाचावें. मोडींत असेल तर वाचणारा शोधावा. तें वाचून झाल्यावर उरलेलीं पत्रें किरकोळ आहेत असें ज्यास म्हणवेल त्यानें तीं खुशाल रद्दींत घालावीं. असा वाचक आम्हांस फारसा भेटेल असें वाटत नाहीं.